पाचवा गडी

मॅच सुरू व्हायच्या आधी ते टोपी काढून डाव्या हातात धरायचे आणि उजव्या हाताच्या बोटाने मैदानावरची पोरं मोजायचे. एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून. दोन्ही वेळा आकडा जुळला की टोपी परत डोक्यावर जायची आणि ते म्हणायचे, "हौ, पुरे अकरा. आता काय व्हायचं ते होऊ दे."

तुम्ही म्हणाल, फुटबॉलच्या टीममध्ये अकरा असणारच, त्यात मोजायचं काय? मीही तेच म्हणायचो. पण आमच्या हैदराबादेत एक साल असं आलं, की अकरा पोरं एका मैदानावर जमणं हीच मोठी गोष्ट होऊन बसली. तेव्हा कुठे मला त्या मोजण्याचा अर्थ कळला.

ते आमच्या कॉलेजच्या कचेरीत हेडक्लार्क होते. प्रिन्सिपॉलपासून चपराशापर्यंत सगळे त्यांना मुन्शीजी म्हणायचे. घराण्यात तीन पिढ्यांची संस्थानी नोकरी. घरात मराठी, कचेरीत उर्दू, भाजीवालीशी तेलुगू, आणि राग अनावर झाला की इंग्रजी. मी नुकताच नोकरीला लागलेला कारकून. माझं टेबल त्यांच्या डाव्या हाताला, आणि नारायणगुड्याच्या गल्लीत आमचं घर त्यांच्यापासून चौथं. म्हणजे सकाळी जाताना मुन्शीजी आणि संध्याकाळी येताना मुन्शीजी.

या माणसाने जन्मात कधी चेंडूला पाय लावला नव्हता. चेंडू चामड्याचा, आणि वडिलांनी लहानपणी शपथ घातलेली. चेंडू रेषेबाहेर घरंगळत त्यांच्याकडे आला, की ते पायजमा दोन बोटांनी वर उचलून, डबक्याला वळसा घालावा तसे बाजूला व्हायचे. "जाऊ द्या त्याला, वाट द्या," म्हणायचे. पण पावसाळ्यात फुटबॉल आणि हिवाळ्यात बास्केटबॉल, दोन्ही सीझनमध्ये कॉलेजची एकही मॅच त्यांनी चुकवली नव्हती. साडेतीन वाजले की दौतीचं झाकण बंद. एकदा प्रिन्सिपॉलसाहेबांनी दारातच गाठलं. "मुन्शीजी, आज कचेरी लवकर बंद?"

"नाही साहेब, कचेरी चालू आहे. फक्त मैदानावर गेली आहे."

साहेब हसले आणि पाठोपाठ स्वतःही मैदानावर आले.

दाखल्यासाठी येणाऱ्या पोरांना पक्कं ठाऊक होतं की काल हरलो असू तर आज मुन्शीजींच्या खिडकीशी जायचं नाही. ऑफसाइडचा नियम त्यांना कधीच मान्य झाला नाही. "पोरगा जिवाच्या आकांताने धावला, सगळ्यांच्या पुढे गेला, आणि हा त्याचा गुन्हा? कोणत्या कायद्यात बसतं हे?" असं ते रेफ्रीलाच विचारायचे, आणि तेही अस्खलित दरबारी उर्दूत. रेफ्री बिचारा नियम विसरायचा.

टीममधली दोन पोरं त्यांच्या खास जिवाची. एक युसुफ. उंचापुरा, हडकुळा, फुटबॉलमध्ये गोलकीपर आणि हिवाळ्यात बास्केटबॉलचा कॅप्टन. आबिड्सच्या मागे एका गल्लीत विधवा आई आणि थोरला भाऊ यांच्याबरोबर राहायचा. दुसरा दत्ता, परभणीकडच्या एका खेड्यातला, डाव्या बाजूने अनवाणी वाऱ्यासारखा पळणारा. युसुफने चेंडू अडवला की तो मान वर न करता डावीकडे फेकायचा, आणि तिथे दत्ता असायचाच.

"बघतसुद्धा नाही रे तो," मुन्शीजी माझं मनगट दाबून म्हणायचे. "त्याला माहीत असतं."

एका सीझनला टीम परभणीला खेळायला गेली, तेव्हा मुन्शीजी रजा टाकून गेले आणि मलाही ओढून नेलं. मॅच जिंकलो. दत्ताच्या वडिलांनी दोन बैलगाड्या जुंपून सगळ्यांना गावी जेवायला नेलं. ज्वारीच्या गरम भाकरी, वांग्याचं भरीत, शेंगदाण्याची चटणी. म्हातारा स्वतः युसुफजवळ बसून वाढत होता. "लाजू नको, पोरा. गोल राखणाऱ्याने पोटभर खावं. सगळ्यांच्या चुका शेवटी त्याच्याच अंगावर येतात."

हे वाक्य मुन्शीजी पुढे कितीतरी दिवस घोळवत होते. "मैदान न पाहिलेला माणूस रे, आणि काय बोलला!"

मग तो ऑगस्ट आला. बाकी हिंदुस्थानात झेंडे लागले, आमच्या संस्थानात नाही लागले. पोरांनी कॉलेजं सोडायला सुरुवात केली. काही सत्याग्रहात गेली आणि तुरुंगात पडली, काही सरहद्दीपार निघून गेली, काहींना आईबापांनी सोलापूर-नागपूरला नातेवाइकांकडे धाडलं. आमचे दोन्ही तेलुगू फुलबॅक एकाच आठवड्यात बेजवाड्याला गेले. दत्ता एका सकाळी कचेरीत आला, मुन्शीजींच्या पाया पडला आणि म्हणाला, "मी जातो. कुठे ते विचारू नका."

मुन्शीजींनी विचारलं नाही. एवढंच म्हणाले, "परतीचं काय?"

"स्वातंत्र्य मिळालं की."

"आणि शनिवारच्या मॅचचं?"

दत्ता हसला. मुन्शीजी हसत नव्हते. त्या शनिवारी मैदानावर नऊ पोरं होती. त्यांनी डावीकडून मोजली, उजवीकडून मोजली, आणि टोपी मॅच संपेपर्यंत हातातच राहिली.

त्यानंतरचे महिने त्यांनी जी धडपड केली, ती आठवली की आजही जीव कासावीस होतो. ते पोरांच्या घरोघरी जायचे. हिंदूंच्या घरी जाऊन म्हणायचे, "महिनाभर थांबवा हो त्याला." मुसलमानांच्या घरी जाऊन म्हणायचे, "अम्मा, शाम की नमाज़ के पहले छोड़ देता इसको, मेरी ज़बान है." कुठे चहा मिळायचा, कुठे दार उघडायचंच नाही. एका वकिलाने तर तोंडावर सुनावलं, "मुन्शीजी, राज्य बुडायला आलंय आणि तुम्हाला चेंडू सुचतोय!"

परत येताना मी त्यांना म्हणालो, "वकीलसाहेब चुकीचं काय बोलले?"

ते दोन गल्ल्या ओलांडून गेले. मग म्हणाले, "काहीच चूक नाही. पण हे पोट्टे एकमेकांना पास देतायत तोवर हे शहर फुटत नाही, असं मला वाटतं. येडेपणा आहे, कळतं मला. पण मग दुसरं काय धरू? तू सांग."

माझ्या घरात तेव्हा ट्रंका भरून तयार होत्या.

काकू, म्हणजे त्यांची पत्नी, दोन मुलींना घेऊन सोलापूरला भावाकडे जायला निघाल्या. मुन्शीजी त्यांना स्टेशनवर पोचवायला आले. "तुम्हीही चला," काकू रडवेल्या होऊन म्हणाल्या. "सीझन संपला की येतो," हे म्हणाले. काकूंनी माझ्याकडे पाहून कपाळाला हात लावला. "लोक जीव वाचवतायत, आणि यांचा सीझन!"

त्या हिवाळ्यातली बास्केटबॉलची मॅच मी मरेपर्यंत विसरणार नाही. शहरातल्या दुसऱ्या एका कॉलेजशी होती. आमच्याकडची पोरं आली चार. युसुफ, आणखी दोन मुसलमान पोरं आणि एक ख्रिस्ती. पाचवा, एका मास्तरांचा मुलगा, आदल्या दिवशीच घरच्यांबरोबर निघून गेला होता. समोरच्यांचे मास्तर घड्याळ बघत म्हणाले, "पाच नसतील तर मॅच रद्द. मी पोरांना परत नेतो."

मुन्शीजींनी इकडेतिकडे पाहिलं. माझ्याकडेही पाहिलं. माझ्या पायाला त्या आठवड्यात लचक होती, आणि खरं सांगायचं तर लचक नसती तरी मी गेलो नसतो. मग त्यांनी शेरवानीची बटणं एकेक करून काढायला सुरुवात केली.

"मुन्शीजी, हे काय?"

"धर," म्हणाले. शेरवानीची नीट घडी घालून माझ्या हातात दिली, वर टोपी ठेवली. कापडी बूट काढले. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, पांढऱ्या पायजम्यातला तो माणूस लाल मातीच्या त्या मैदानात जाऊन उभा राहिला. लोक हसले. समोरची पोरंही हसली. युसुफ मात्र हसला नाही. त्याने त्यांना खांद्याला धरून एका कोपऱ्यात नेलं. "मुन्शीजी, आप इत्ताच करो. यहाँ खड़े रहो. बाकी मैं देख लेता."

खेळ सुरू झाला. मुन्शीजी आपल्या जागी, दोन्ही हात पुढे करून, देवळात तीर्थ घ्यायला उभं राहावं तसे उभे. आणि एकदा गर्दीतून चेंडू सुटला तो सरळ त्यांच्या छातीवर आदळला. त्यांनी तो दोन्ही हातांनी कवटाळला. आयुष्यात पहिल्यांदा. समोरची दोन पोरं अंगावर धावून आली, आमचे सगळे ओरडायला लागले, आणि हे लहान मूल घ्यावं तसा चेंडू पोटाशी धरून गोल फिरतायत. "अरे, क्या करूं इसका?"

"मेरे कू देव, मुन्शीजी! इधर!"

त्यांनी चेंडू दिला. म्हणजे ढकलला. युसुफने तो उंच उडी मारून घेतला आणि तिथूनच टोपलीत टाकला. पाहणाऱ्यांत एवढा गलका झाला की रस्त्यावरचे टांगे थांबले. मॅच आम्ही दणकून हरलो. पण युसुफने मुन्शीजींना खांद्यावर घेऊन मैदानाची चक्कर मारली आणि ते वरून ओरडत होते, "उतार रे, पडेन, उतार!"

वाटेत मी म्हणालो, "आता घरी जाऊन अंघोळ करावी लागेल. चामडं शिवलात."

"पाय धुतो," ते म्हणाले. "पायांना माती लागलीय. हाताला काही लागलेलं नाही."

त्या सालातला तो शेवटचा आनंद.

उन्हाळ्यात शहरात खाकी कपड्यांतल्या स्वयंसेवकांच्या कवायती वाढल्या. त्यांचं नाव तुम्हाला ठाऊक आहे. गल्लीत आम्ही हळू आवाजात नुसतं 'खाकीवाले' म्हणायचो. एके दिवशी युसुफच्या आईचा निरोप आला की थोरल्या भावाने युसुफला त्यांच्यात नेलंय, तुम्ही काही करा.

आता जिथे विद्यानगर वसलंय, त्या बाजूला तेव्हा उघडं माळरान होतं. तिथे कवायत चालायची. मुन्शीजी भर दुपारी तिथे गेले. मी पन्नास पावलांवर एका कडुलिंबाआड थांबलो. पुढे जायची हिंमत झाली नाही. पोरं रांगेत उभी होती, काहींच्या हातात बंदुका, बाकीच्यांच्या हातात लाठ्या. मुन्शीजी थेट रांगेसमोर गेले आणि युसुफपुढे उभे राहिले.

"चल. प्रॅक्टिस है."

युसुफने मान खाली घातली. त्याचा थोरला भाऊ पुढे आला. "मुन्शीजी, इज़्ज़त से जाओ."

"मैं अपने गोलकीपर को लेने आया हूँ."

भावाने हात उगारला. थप्पड लागली की नुसता धक्का, मला लांबून दिसलं नाही. टोपी मात्र उडाली आणि लांब जाऊन पडली. रांगेतलं कुणीतरी हसलं. मुन्शीजी वाकले, टोपी उचलली, बाहीने झटकली. क्षणभर वाटलं, ते पुन्हा युसुफकडे वळतील. पण ते परत आले. माझ्याजवळून गेले तरी थांबले नाहीत.

सप्टेंबरात हिंदी फौजा संस्थानात शिरल्या, त्या पाच दिवसांत कॉलेज बंद होतं. लोक रेडिओला कान लावून, खिडक्या लावून बसले होते. वरून विमानं जायची. तिसऱ्या दिवशी मुन्शीजी घरात नाहीत म्हणून मी शोधत कॉलेजवर गेलो, तर ते चुन्याची बादली घेऊन गोलाचे खांब रंगवत होते.

"मुन्शीजी, घरी चला! ही काय वेळ आहे?"

"सीझन तोंडावर आलाय," ते म्हणाले. चुना खांबावर कमी आणि शेरवानीवर जास्त पडला होता. मी दुसरा ब्रश उचलला. दोघांनी मिळून चारही खांब पुरे केले. कशासाठी, ते आजही सांगता येणार नाही.

पाचव्या दिवशी संस्थानाने हात टेकले. आमच्या गल्लीत पेढे वाटले गेले. युसुफच्या गल्लीत दिवसाढवळ्या दारं बंद होती. आठवड्याभरात युसुफला पकडून नेल्याचं कळलं. आणि त्यानंतर महिन्याभराने दत्ता आला.

डोक्यावर नुकतेच उगवलेले आखूड केस. आम्ही समजलो. तो सरहद्दीपार गेल्याची खबर खाकीवाल्यांना लागली होती. उन्हाळ्याच्या शेवटी त्यांची एक तुकडी त्याच्या गावात शिरली, घर जाळलं, आणि म्हाताऱ्याला एवढं मारलं की तो दोन दिवसांनी गेला. दत्ताच्या आईने काही चेहरे ओळखले होते.

"युसुफ होता त्यांच्यात," दत्ता म्हणाला. "तुमच्यासारखा अर्ज कुणाला लिहिता येत नाही. लिहा, त्याने मारलं."

मुन्शीजींनी हातातला टाक खाली ठेवला. "त्याने मारलं? आईने पाहिलं तसं?"

"तो तिथे होता. मला तेवढं पुरे."

"मला पुरे नाही रे," मुन्शीजी म्हणाले. "दोन दिवस दे."

त्याच संध्याकाळी युसुफची आई त्यांच्या दारात बसलेली आम्हाला दिसली. तिलाही अर्जच हवा होता. "आप लिखो मुन्शीजी, मेरा बच्चा वहाँ थाच नहीं. आपकी बात मानेंगे नए सरकार में."

"पूछ के आता हूँ, अम्मा," ते म्हणाले.

तुरुंगात भेटीची परवानगी मिळवायला त्यांनी कितीजणांचे उंबरे झिजवले, ते मी पाहिलं. शेवटी मिळाली. मी बरोबर होतो. जाळीपलीकडे युसुफ आला. अंगात खाकी नव्हती, एक मळका सदरा होता, तो त्याला मोठा होत होता.

मुन्शीजींनी खुशाली विचारली नाही. "सच बोल. दत्ता के घर पे था तू?"

"था."

"मारा?"

"नहीं. माँ की कसम, हात नहीं लगाया. दरवाज़े पे खड़ा किए थे मेरे कू. कोई अंदर आना नहीं, बोल के." त्याने ओठ चाटले. "मुँह पे रुमाल बांधा था मैं. फिर भी पहचान लिए उनो."

"क्या बोले?"

"नाम से बुलाए. 'युसुफ, पोरा,' बोले."

शेजारच्या जाळीपाशी कुणाची तरी बायको मोठ्याने रडत होती. मुन्शीजी जाळीच्या इतके जवळ गेले की शिपायाने त्यांना हटकलं.

"और तू?"

"मैं खड़ाच रह गया, मुन्शीजी."

बाहेर आल्यावर ते भलत्याच दिशेने चालू लागले. मी धावत जाऊन दंड धरला. ते म्हणाले, "त्या दिवशी माळावर मी त्याचे पाय धरायला हवे होते. मिठी मारून बसायला हवं होतं. मारलं असतं तर मार खायला हवा होता."

"तुम्ही गेलात तरी. मी झाडामागे होतो."

"गेलो, आणि टोपी उचलून परत आलो," ते म्हणाले, आणि तिथेच फूटपाथवर खाली बसले. लोक वळून बघत होते. मी त्यांना तसंच बसू दिलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी दोन्ही अर्ज लिहिले. एकाच टेबलावर, एकाच दौतीतून. दत्ताच्या अर्जात आईने ओळखलेल्या माणसांची नावं होती, कोणी काय केलं ते होतं, आणि युसुफबद्दल एकच ओळ होती: तो दारात उभा होता, त्याने हात उचलला नाही आणि कुणाला अडवलंही नाही, आत कोण कोण गेले हे त्याला माहीत आहे, ते त्याच्याकडून लिहून घ्यावं. युसुफच्या आईच्या अर्जातही अक्षरशः तीच ओळ होती, आणि खाली विनंती, की पोरगा एकोणीस वर्षांचा आहे, तेवढं लक्षात घ्यावं.

दत्ताने वाचलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मग सही केली आणि म्हणाला, "शेवटी तुम्ही त्याचेच."

युसुफच्या आईने माझ्याकडून वाचून घेतलं. कागदाची घडी करून टेबलावर ठेवली. "दुसरे से लिखवा लेती मैं. आप आखिर उन के ही निकले."

कचेरीतही कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणे, मुन्शी खाकीवाल्यांना वाचवतोय. कुणी म्हणे, एका विधवेच्या पोराला अडकवतोय. मी स्वतः दोन आठवडे त्यांच्याबरोबर डबा खायचं टाळलं. हे लिहिताना आजही कान गरम होतात.

युसुफच्या आईने दुसऱ्याकडून लिहून घेतलेल्या अर्जाचा काही उपयोग झाला नाही. दत्ताच्या अर्जावरून मात्र युसुफचा जबाब घेतला गेला, आणि त्याने सगळी नावं सांगितली. त्यात पहिलं नाव थोरल्या भावाचं होतं. त्यांना शिक्षा झाल्या. युसुफ बऱ्याच महिन्यांनी सुटला, आणि आईला घेऊन, कुणालाही न भेटता, कराचीला निघून गेला.

कॉलेजची टीम पुन्हा उभी राहिली. नवी पोरं आली, पूर्ण अकरा. मी मुन्शीजींना बोलवायला गेलो. "चला, आज मोठी मॅच आहे." त्यांनी मैदानाकडची खिडकी लावून घेतली आणि म्हणाले, "तू जा." खिडकी लावली तरी आवाज यायचाच. ते कान न झाकता, मान खाली घालून लिहीत बसायचे. मार्चमध्ये त्यांनी राजीनामा दिला.

ते सोलापूरला जातील असं सगळ्यांना वाटलं. ते दत्ताच्या गावी गेले. तिथल्या शाळेचे मास्तर गाव सोडून गेले होते, शाळा बंद पडली होती. काकू मागाहून गेल्या, कुरकुरत. "जन्मभर मैदानामागे पळाले, आता ढेकळांत चाललेत." दत्ता पुढे मला सांगत होता, की मुन्शीजी आले तेव्हा तो चार दिवस त्यांच्याशी बोललाच नाही. पाचव्या दिवशी त्याच्या आईने शाळेत भाकरी पाठवली. मग रोज पाठवू लागली.

दीड-दोन वर्षांनी मी त्यांना भेटायला गेलो. ती शेवटची भेट ठरली. पुढच्या पावसाळ्यात ते तिथेच वारले, दत्ताने सगळं केलं. त्या दिवशी मी पोचलो तेव्हा शाळा सुटली होती. शाळा भरायची त्या चावडीच्या खोलीत ते दाराकडे पाठ करून पोरांच्या पाट्या तपासत बसले होते. खूप वाळले होते. बाहेर पोरं चिंध्यांचा चेंडू करून खेळत होती, आणि धुळीत एकच कल्लोळ चालला होता.

मी म्हणालो, "मुन्शीजी, बाहेर मॅच लागलीय."

"असू दे."

"बघत नाही?"

"नाही रे, होत नाही," ते म्हणाले. पुढची पाटी घेतली, पुसली, पुन्हा खाली ठेवली. मग, पाठ तशीच ठेवून, म्हणाले, "तू बघ. बघ आणि सांग मला."

मी दारात उभा राहून सांगू लागलो. लाल सदऱ्याचा एक पोरगा चेंडू घेऊन निघालाय. दुसऱ्याने पाय घातला, तो पडला, उठला, परत निघालाय.

"गोलात कोण आहे?"

"एक मुलगी आहे. कडेवर धाकटा भाऊ घेऊन उभी आहे."

त्यांचे खांदे हलले. हसले असावेत. "मग?"

"त्याने मारला. उंच गेला. गोल नाही. बाभळीत अडकला चेंडू."

"काढला का?"

"दगड मारतायत. निघत नाही. आता एकजण वर चढतोय."

"काट्यांत?"

"हो. हळूहळू चढतोय."

त्यांनी खडू खाली ठेवला, दोन्ही हात मांडीवर घेतले.

"चढू दे," ते म्हणाले. "थांबू आपण."